पाटावरच्या आजी आणि कुपाटीवरची मी

सकाळी नवाच्या सुमाराला शेजारच्या मोरीतून टाहो ऐकू आला की आमच्या वाडीनं समजायचं, बाळाला चोळून न्हाऊ घालणाऱ्या आजी आल्या. त्याआधी त्या येत नाहीत. त्यांची वाट कालव्याच्या कडेनं, उसाला लागून आहे आणि गेल्या पावसाळ्यात बिबट्यानं त्याच वाटेवरनं एकाचं वासरू ओढून नेलं. तेव्हापासून आजींचं ठरलंय. "ऊन पडल्याबिगर म्या न्हाई निघायची. बिबट्याला धरून माणिकडोहला नेत्यात, तिथं त्याला बसल्या जागी खायला मिळतं. मला कोण नेणार?"

आमची वाडी जुन्नर आणि आंबेगावच्या शिवेवर. सातबारा आंबेगावात, बाजार नारायणगावला, बाळंतपण मंचरला. शेजारच्या वैनींची थोरली पहिलटकरीण म्हणून कार्तिकात माहेरी आली, मंचरच्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. दोन किलो आठशे ग्रॅम. गोरी की सावळी, नाक कुणासारखं, हे बाकीच्या बायांनी पाहिलं. मला आधी वजन विचारायची खोड आहे. एकतीस वर्षं अंगणवाडीत काढली, काटा हातातून सुटला तरी डोक्यातून सुटत नाही.

तर आमच्या दोन अंगणांच्या मधे कुपाटी आहे. पूर्वी बाभळीच्या फेसांची होती, आता तारेची आहे आणि तारेवर घोसाळ्याचा वेल सोडलाय. त्या वेलाला एके ठिकाणी भगदाड आहे, ते वेलाचं नाही, आमच्या कोपरांनी पडलेलं आहे. बाळ पंधरवड्याचं होत आलं होतं तेव्हा एका दुपारी त्या भगदाडातून वैनींनी हाक मारली.

"बाई, कढीपत्त्याच्या दोन काड्या द्या वो."

"घ्या की. पण तुमचं झाड वाळलं का काय?"

"न्हाई वाळलं." वैनी तारेला टेकल्या, आवाज खाली आला. "बोलायचं व्हतं. सकाळी ऐकलं आसंल तुमी."

ऐकलं होतंच. बाळाचं रडणं आणि त्याच्या मागोमाग बाळाच्या आईचं मुसमुसणं, दोन्ही.

"पोरगी म्हणती, आई, आजींना उद्यापासनं नको सांग. आन् आजींना सांगू कुण्या तोंडानं? माझ्या तिन्ही पोरांच्या नाळा त्यांनी कापल्या. ही थोरली त्यांच्याच पायावर वाढली. आता तिच्या लेकीला त्याच पायावर घ्यायचं आन् सांगायचं, तुमचा हात जड हाय?"

मग सगळं बाहेर आलं. आजी रोज काय काय करतात त्याची यादी. वाटीभर तेल टाळूवर थापतात, 'टाळू भरायची' म्हणून. नाकाचा शेंडा चिमटीत धरून ओढतात. डोकं दोन्ही तळव्यांत धरून गोल करतात. कानात दोन थेंब, नाकात एकेक. अंगावरची लव जावी म्हणून हळद घातलेल्या कणकेचा गोळा पाठीवरनं फिरवतात. आणि शेवटी दोन्ही पाय एका मुठीत धरून बाळाला उलटं करून दोन झोके. हे शेवटचं सांगताना वैनींनी स्वतःच डोळे मिटले.

"आमच्या वेळी करीतच व्हते की समदं," त्या म्हणाल्या. "पर आमच्या वेळी म्या आत बाजंवर पडलेली. मोरीत काय चाललंय ते दिसत न्हवतं. आता पोरगी दारात हुभी ऱ्हाऊन बघती."

इथं एक कबूल करते. हे मी चाळीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही, अंगणवाडीच्या प्रशिक्षणातसुद्धा नाही. माझ्या थोरल्याच्या कानात तेल मीच घालत होते. कुणी सांगितलं नव्हतं, जाऊबाई घालायच्या म्हणून मीही. सहाव्या महिन्यात त्याचा उजवा कान वाहायला लागला. उशीवर पिवळा डाग, त्याला घाण वास. वर्षभर औषधं चालली. तेलानंच झालं असं डॉक्टर छातीठोक म्हणाले नाहीत. पण एवढं म्हणाले, कानाला तेलाची गरज नसते, आणि आत गेलेल्या ओलीवर जंतू माजतात. नाकातल्या तेलाचं तर त्याहून वाईट. बाळाला शिंकरता येत नाही, खाकरता येत नाही. नाकात सोडलेला थेंब श्वासाबरोबर छातीत उतरतो आणि तेल छातीत उतरलं की न्यूमोनिया. तो कान आजही थंडीत ठणकतो, मुलगा चाळिशीला आला तरी. फोनवर 'आई, कान' म्हणाला की मी विषय बदलते.

वैनींना हे सांगितलं. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "तुमी? बाई असून?"

"बाई नंतर झाले हो. आधी आईच होते, तीही अडाणी."

मग तारेच्या अलीकडून-पलीकडून आम्ही आजींच्या यादीचा निकाल लावायला बसलो. टाळू आधी. डोक्याची हाडं तिथं अजून जुळलेली नसतात, म्हणून बोटाखाली धडधड लागते. ती साधारण दीड वर्षापर्यंत आपोआप भरते, तेलानं भरत नाही आणि तेलावाचून अडत नाही. वरून हलक्या हातानं तेल लावलं तर बिघडत नाही, थापायचं नाही एवढंच. टाळूकडं बघायचं असेल तर वेगळ्या कारणानं बघावं. खोल गेलेली दिसली, तर बाळाच्या अंगात पाणी कमी पडलंय. बाळ शांत असताना फुगून वर आलेली दिसली, तर तेलाची वाटी ठेवायची आणि गाडी काढायची.

नाक ओढून सरळ होत नाही. तसं होत असतं तर आमच्या वाडीत एकही नकटं राहिलं नसतं. वाटेतून येताना दाबलं गेलेलं डोकंही काही आठवड्यांत आपलं आपण गोल होतं. लव गळायचीच असते. कणकेच्या गोळ्यानं ती जराशी निघते आणि तिच्याबरोबर कोवळी कातडीही सोलवटते. मग अंगावर पुरळ उठतं आणि त्याला आपण 'अंगातली उष्णता' म्हणतो.

"आन् झोके?"

"झोके बंद. आजपासून."

पंधरा दिवसांच्या बाळाची मान म्हणजे देठ नुसता, आणि त्या देठाला सगळ्यांत जड फळ. उलटं धरून हिसडा बसला तर मान, खुबा, मेंदूतल्या बारीक शिरा, कशालाही इजा होऊ शकते. बाहेरून काही दिसत नाही. शंभर बाळांना काही होत नाही म्हणून आपण म्हणतो, काही होत नाही.

एवढ्यात वैनींनी जाता जाता आणखी एक सांगितलं, अगदी सहज, कढीपत्त्यासाठी पदर पुढं करता करता. "आन् उद्या छाती पिळणार हायेत. पोरीच्या छातीला गाठी आल्यात, थेंबथेंब दूध येतंया. आजी म्हणल्या, पिळून काढलं न्हाई तर मोठंपणी वांधा हुतो."

मी तारेवरचा हात काढला. म्हटलं, वैनी, बाकी सगळं आपण गोडीनं मिटवू, हे नाही. ह्याला कुणी हात लावायचा नाही, आजींनी नाही, तुम्ही नाही, सासूबाईंचा फोन आला तरी नाही. आईच्या अंगातला रस पोटात असताना बाळाच्या अंगात उतरलेला असतो, त्यामुळं मुलगी असो की मुलगा, छाती सुजते, दुधाचा थेंबही येतो. काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. पिळलं की नखातून, बोटातून जंतू आत शिरतात आणि पू होतो. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला मी नोकरीला होते तेव्हा एका बाळाला असा पू झालेला पाहिलाय. चीर द्यावी लागली होती. एवढ्याशा छातीवर एवढी पट्टी. ते दृश्य डोळ्यांपुढनं जात नाही.

वैनी कढीपत्ता न घेताच गेल्या.

दुसऱ्या दिवशी आशाताई यायच्या होत्या, चौदावा दिवस. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडं त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. ही घरी येऊन बाळ बघायची पद्धत दिल्लीत जन्मली असं लोकांना वाटतं, पण तिचं मूळ आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या खेड्यांतल्या बायांनाच शिकवलं, वजन करायला, ताप बघायला, श्वास मोजायला. त्यानं नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, ते १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढं २०११ पासून देशभर आशाताईंच्या हातात ते काम आलं. हे मी मीटिंगमध्ये इतक्यांदा सांगितलंय की आमच्या पर्यवेक्षिका मला बघूनच घड्याळ बघायच्या.

आशाताईंनी झोळीचा काटा लावला. दोन किलो नऊशे वीस. तिसऱ्या दिवशी दोन सहाशे पन्नासवर गेलेली पोर जन्माचं वजन ओलांडून पुढं गेली होती. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, ते दहा-चौदा दिवसांत भरून निघावं लागतं, ते निघालं होतं. आजी पाटावरनं म्हणाल्या, "बगा. माझ्या तेलाचं हाय ते."

आशाताई म्हणाल्या, "आईच्या दुधाचं आहे, आजी."

झालं. आजींनी वाटी बाजूला सारली. वातावरण असं की तेल उष्ण नसताना तापलं.

म्हणून मला कुपाटी ओलांडावी लागली. ओलांडायची म्हणजे वळसा घालून फाटकातून. ह्या वयात तार ओलांडली तर माझीच मालिश करायची वेळ यायची. मी मोरीच्या दाराशी पाट घेऊन बसले आणि म्हटलं, "आजी, ही सव्वा महिन्यानं चाकणला जाणार. जावई कंपनीत, दोन खोल्यांचं घर, तिथं ना मोरी ना बंब. तुम्ही तिथं येणार नाही. मग तुमचा हात हिला शिकवून ठेवा की. आज तिला करू दे, तुम्ही सांगा."

आजींनी माझ्याकडं पाहिलं. सत्तरी ओलांडलेली बाई, माझा डाव न कळण्याइतकी भोळी नव्हती. पण 'शिकवा' हा शब्द कानाला गोड लागतो, तो कुणालाही लागतो.

आणि मग मी जे पाहिलं त्यानं माझंच तोंड बंद झालं. आजींनी आधी थोरलीच्या हातातल्या बांगड्या आणि अंगठी उतरवायला लावली. नखं बघितली, दोन कापायला लावली. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवलेली होती, थेट चुलीवर नाही. तेल आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघितलं. मोरीचं दार लोटलं, झरोक्यातून वारं येत होतं तिथं फडकं कोंबलं. बाळ कधी पाजलंय ते विचारलं. "आत्ताच पाजलंया? मग वाइच थांब. पोट भरल्यालं बाळ चोळलं की वकतं." आम्ही पाऊण तास थांबलो. त्या पाऊण तासात तीन घरांच्या सुना आणि एक घटस्फोट निकालात निघाला, पण ते इथं नको.

मग पाटावर बसून थोरलीनं पाय लांब केले, मांड्यांवर जुन्या लुगड्याची घडी, घडीवर बाळ. आजी म्हणाल्या, "आदी तळपाय."

"छाती नाही?"

"परकी माणसं घरात येत्यात ती काय थेट देवघरात शिरत्यात? आदी उंबरा."

तळपायावर अंगठा ठेवून टाचेकडून बोटांकडं. मग पोटरी, मग मांडी, दोन्ही हातांनी जशी उसाची कांडी हळूच निसटू द्यावी तसा पाय हातातून निसटू द्यायचा. थोरलीचा हात इतका भीतभीत चालला होता की बाळ वळवळायला लागलं. आजी म्हणाल्या, "गुदगुल्या करू नगंस. फूल पुसल्यागत बी नको आन् भाकरी थापल्यागत बी नको. पुरणाची पोळी लाटती ना, तसं." हे मला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात 'मध्यम दाब' असं लिहिलेलं असतं. अगदी हलकं बोट फिरवलं तर बाळाला गुदगुल्या होतात, ते चिडतं आणि जोर लावला तर दुखतं. पुरणाची पोळी म्हटल्यावर थोरलीचा हात जागेवर आला. पुरण फुटू न देता पोळी सरकवायचा जो जोर असतो, तेवढाच.

पोटाची पाळी आली. नाळ नवव्या दिवशी गळून पडली होती, बेंबी कोरडी होती, म्हणून ठीक. नाळ असताना पोटाला तेल लावायचं नाही आणि बेंबीत तर नंतरही नाही. आजींनी थोरलीचा हात धरून बाळाच्या उजव्या कुशीकडून वर, मग डाव्या कुशीकडं आणि खाली असा गोल फिरवला. मी विचारलं, उलटा का नाही? म्हणाल्या, "उलटा फिरवला की वारं अडतं." मोठं आतडं त्याच वाटेनं जातं, हे आजींना कुठल्या चित्रात बघायला मिळालं असेल? मग गुडघे पोटाशी दुमडून सोडले, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बाळानं वारा सोडला, मोठ्यांना लाजवील असा. मोरीत सगळ्या हसल्या. बाळाची आई पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली.

नंतर आजींचा हात सवयीनं बाळाच्या कानाकडं गेला, बोटाला तेलाचा थेंब. थोरली म्हणाली, "आजी, ते राहू दे ना." आजी थांबल्या. थेंब बोटावर तसाच. मग तो त्यांनी बाळाच्या कानामागच्या घडीत पुसला, तिथं खपली धरली होती. "इथं तर चालंल?" तिथं चाललं.

उलटं टांगणं त्या दिवशी झालं नाही. कुणी विषयच काढला नाही. ज्या आईनं बाळ स्वतःच्या मांडीवर घेतलंय, तिच्या हातून त्याला उलटं धरणं होणारच नव्हतं, आणि माझा डाव होता तो एवढाच. छातीबद्दल मात्र मी तोंडानं बोलले, सगळ्यांदेखत. आजी जरा फणकारल्या. "म्या शेकड्यानं पिळल्यात." म्हटलं, "शेकड्यातल्या एकाची पट्टी मी बघितलीय, आजी." त्या गप्प बसल्या. पटलं की नाही माहीत नाही. हात लावला नाही, एवढं खरं.

आंघोळीच्या पाण्यात आजी कोपर बुडवून बघतात, हाताचा पंजा नव्हे. कामानं पंजाची कातडी मेलेली असते, कोपराची नसते. आणि तेल लावलेलं बाळ माशासारखं निसटतं, म्हणून घंगाळातून उचलताना एक हात मानेखाली, दुसऱ्या हाताची पकड मांडीला. हे थोरलीला दोनदा करायला लावलं, कोरड्यात.

फक्त धुरीवरनं परत वाजलं. आजींनी शेगडीत निखारे घातले, त्यावर वेखंड, ओवा, बाळंतशेपा. खोलीची खिडकी बंद, बाळ आणि बाळंतीण आत. मी उठून खिडकी उघडली. कोळशाच्या निखाऱ्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, ओव्याच्या वासानं तर संशयसुद्धा येत नाही. बंद खोलीत त्यानं माणसं झोपेतच गेलीत. वैनी म्हणाल्या, मग बाळंतिणीला शेक कसा द्यायचा? रबराची पिशवी, गरम पाणी, वरून फडकं. आजी म्हणाल्या, "रबराला ओव्याचा वास येतूया व्हय?" ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी ओवा तव्यावर भाजून पुरचुंडी केली आणि बाळंतिणीच्या उशाशी ठेवली. वास आला, धूर नाही.

तेल कुठलं, ह्यावर तर दोन दिवस कुपाटीवर नुसती पंचायत भरली होती. जावयांनी मोबाइलवरनं ऑलिव्हचं तेल मागवलं होतं, छानशी बाटली. आजींनी बूच काढून वास घेतला आणि बाटली परत ठेवली. थोरलीच्या सासूबाई खेडहून फोनवर म्हणत होत्या, बदामाचं. वैनी म्हणत होत्या, घाण्यावरचं तिळाचं. माझी भाची मुंबईत नर्स आहे, तिनं सांगितलं होतं की सायनच्या महापालिकेच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी खोबरेल तेलाचा अभ्यास केलाय, २००५ साली छापून आलाय. दिवस न भरलेल्या ज्या बाळांची खोबरेलानं मालिश झाली, त्यांचं वजन खनिज तेलवाल्या बाळांपेक्षा वेगानं वाढलं. ऑलिव्ह आणि मोहरीचं तेल मात्र कोवळ्या कातडीला तितकंसं मानवत नाही, कातडीचं वरचं कवच त्यानं कमजोर पडतं, असं बाहेरच्या तपासण्यांत दिसलंय. म्हणजे महागाच्या बाटलीपेक्षा किराण्यातलं खोबरेल बरं. ऑलिव्हचं तेल सध्या जावई स्वतःच्या डोक्याला लावतात. कुठलंही नवं तेल आधी पायावर एवढंसं लावून दिवसभर वाट बघायची, लाल चट्टा उठला तर सोडून द्यायचं, एवढं मी सांगितलं. आणि बाळ कमी वजनाचं किंवा कमी दिवसांचं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिशच नाही. अशा बाळाला आधी आईच्या छातीची ऊब. ताप असला तरी मालिश नाही.

आता जावयांचं. शनिवारी संध्याकाळी ते चाकणहून आले आणि रविवारी सकाळी म्हणाले, मी करून बघू का? वैनींनी पदर तोंडाला लावला. आजी तर पाटावरनं उठल्याच. "पुरुषानं? मोरीत?" अख्ख्या वाडीला अकरापर्यंत कळलं. पण माणसानं केलं, खरंच केलं. कारखान्यात काम करून हात राठ झालेले, म्हणून त्यानं नुसता तळवा वापरला, बोटं नाहीत. चार मिनिटांत बाळाच्या पापण्या जड. वैनींना ते आवडलं की नाही हे त्यांच्या तोंडावरनं कळेना. संध्याकाळी मात्र त्यांनी तीन घरी जाऊन सांगितलं.

ह्या निमित्तानं एक गंमत सांगते, वैनींना सांगितली तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. फ्रेडरिक लबॉये म्हणून एक फ्रेंच डॉक्टर होते, बाळंतपणं करणारे. ते कोलकात्याला आले होते. तिथं शांताला नावाची एक बाई पाय पसरून, मांडीवर बाळ घेऊन तेल लावत होती. ती बघून ते तिथंच थबकले. १९७६ साली तिच्या नावानं त्यांनी पुस्तक काढलं. आता ब्राझीलसारख्या देशात बाळाच्या मालिशला 'शांताला' असंच म्हणतात. तिकडं त्याचे वर्ग चालतात. वैनी म्हणाल्या, "म्हंजी आजींनी वर्ग काढला तर?" म्हटलं, पुण्यात काढलाच आहे लोकांनी. माझ्या चुलतबहिणीची सून वाकडला असते. तिथं मालिशवाल्या बाई ठरलेल्या वेळेला येतात, तासावर पैसे घेतात आणि तास भरला की तेल पुसून जातात. आजींना काय मिळतं? सव्वा महिन्यानं एक लुगडं, नारळ, थोडं धान्य आणि प्रत्येक घरात एक चहा, तोही बिनसाखरेचा, कारण त्यांना साखर झालीय.

बाळंतपणाचा विषय निघाला की आमच्याकडं नारायणगावच्या तमाशातल्या विठाबाईंची गोष्ट निघतेच. फडावर नाच चालू असताना कळा आल्या, कनातीमागं बाळंत झाल्या, नाळ दगडानं ठेचली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. प्रेक्षकांना कळलं तेव्हा त्यांनीच खेळ थांबवायला लावला. बायका ही गोष्ट कौतुकानं सांगतात, 'बघा, अशी बाई'. मला प्रत्येक वेळी वाटतं, त्या बाईच्या अंगाला त्या रात्री कुणी तेल लावलं असेल का? वैनींना हे विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुमचं बाई कायतरीच." पण मग बराच वेळ गप्प राहिल्या.

गुटीचं राहिलंच. आपल्या भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरात बाळहिरडा गोळा करून कित्येक घरं उन्हाळ्यात मीठमिरचीचे पैसे काढतात. तो सहाणेवर उगाळून बाळाला चाटवावा असा आजींचा आग्रह. सहा महिने आईच्या दुधावाचून काही नाही, पाणीसुद्धा नाही, हे मी एकतीस वर्षं घसा फोडून सांगितलं. आजी म्हणाल्या, "आपल्याच डोंगराचा हिरडा, तो काय वैरी हाय?" वैरी नाही. पण सहाण कुणी कशी धुतली, हे डोंगराला माहीत नसतं. ह्यात आजी हरल्या की मी, ते अजून ठरायचंय. सहाण मात्र त्या दिवसापासून फडताळात वरच्या फळीवर आहे.

सव्वा महिना भरला. बाळ तीन किलो नऊशे. थोरलीनं मोरीत पाय पसरून, कुणी न सांगता, आधी तळपायाला तेल लावलं. आजी दारात बसून चहा पीत होत्या. बाळ आजींच्या दिशेला बघून ओठ वाकडे करायला लागलं, रडायचं की हसायचं ते ठरवत. आजी म्हणाल्या, "वळखतंया मला. म्हणत आसंल, आली पुन्यांदा." आणि स्वतःच हसल्या, दोन दात दिसले.

चाकणला जायच्या आदल्या दिवशी वैनींनी कुपाटीच्या भगदाडातून माझी वाटी परत दिली. खोबरेलाची, पहिल्या दिवशी मीच नेऊन दिली होती. आमच्याकडं शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. वाटीत अळिवाचे दोन लाडू होते आणि वर कढीपत्त्याच्या दोन काड्या.

लाडू चांगले झाले होते. गूळ जरा कमीच होता.